खंडेनवमीचा रंग

आमच्या घरात एक क्रेन आहे. इमारतीवर विटा चढवतात तसली नाही, बाबांना बिछान्यातून उचलायची. कंपनीवाले तिला पेशंट लिफ्ट म्हणतात, पण आयने पहिल्याच दिवशी बघून "अगो बाय, ही तं क्रेन हाय" म्हटलं आणि तेच नाव पडलं. चार चाकांवर एक खांब, खांबाला पुढे आलेला दांडा, दांड्याला जाड कापडाची झोळी. झोळी माणसाच्या अंगाखालून घ्यायची, चार पट्टे अडकवायचे, रिमोटचं बटण दाबायचं. दांडा गुरगुरत वर जातो, माणूस बिछान्यापासून सुटतो, मग क्रेन ढकलत खुर्चीपाशी न्यायची आणि हळूच खाली सोडायची. रिमोट टीव्हीसारखा सुटा नाही, त्याला जुन्या टेलिफोनसारखी पीळदार वायर आहे. बॅटरीवर चालते, त्यामुळे लाइट गेली तरी अडत नाही. निदान विकणाऱ्याने तसं छातीठोक सांगितलं होतं.

बाबा नव्वद किलोचे. उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू सगळं येतं, कळतं सगळं, डावा हात चालतो, पण तोंडातून "ह्या, ह्या" यापलीकडे काही निघत नाही. पाटी-पेन्सिल देऊन बघितली. डाव्या हाताने नुसत्या रेघा आल्या. त्या रेघा बघून ते स्वतःच इतके चिडले की पाटी भिंतीवर फेकली. लिहिताना मी त्यांना "ते" लिहितेय, तोंडावर मात्र तूच म्हणत आले. आमच्याकडे बापाला अहो-जाहो केलं तर तो विचारतो, रागावलीस का काय?

आम्ही गोडदेवचे. आजोबा मिठागरात राबले, थोडं भात पिकवायचे. ती जमीन इमारतींखाली गेली. वाटणीला आलेल्या तुकड्यावर बाबांनी खाली गाळा काढला, वर घर बांधलं. गाळ्यात प्लास्टिकचं काम चालतं, पासबुकाची कव्हरं, आयकार्डाची पाकिटं, शाळेच्या फायली. प्लास्टिकचे दोन कागद मशीनखाली ठेवायचे, पितळी साचा खाली येतो, पायाने पेडल दाबलं की मशीन दोन-तीन सेकंद हूं करते आणि दोन्ही कागद कडेकडेने एकजीव होतात. टाका नाही, गोंद नाही. लहानपणी मला ती जादू वाटायची. बाबा म्हणायचे, "जादू न्हाय गो, आत रेडिओ स्टेशन हाय, फक्त गाणी लागत न्हायत." हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की त्याला शेवटचं कधी हसले ते आठवत नाही.

लग्न होऊन मी जेसल पार्कला गेले, म्हणजे रिक्षाने दहा मिनिटं. लकव्यानंतर गाळा मीच बघायला लागले. सकाळी येऊन वर आयबरोबर बाबांना उचलायचं, मग खाली ऑर्डरी बघायच्या, मधेच वर, परत खाली. जिन्याच्या सोळा पायऱ्या आहेत. माझे गुडघे त्या अजून मोजतात.

गणपती झाले आणि बाबांच्या माकडहाडावर एक लाल डाग दिसला. आठ दिवसांत त्याची जखम झाली. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. बाहेर पॅसेजमध्ये मला म्हणाले, "पडून राहायचं नाही. दिवसातून तीन वेळा उचलून खुर्चीत बसवा, मागे भार येणार नाही असं. जखम हाडापर्यंत गेली तर माझ्या हातात काही राहणार नाही." डॉक्टर निघून गेले, मी तिथेच भिंतीला पाठ लावून उभी राहिले. बाबा जातील ही गोष्ट मी तोवर मनात येऊच दिली नव्हती. त्या दिवशी आली आणि गेली नाही.

पण क्रेन होती. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तीन वेळा आम्ही त्यांना खिडकीपाशी बसवायला लागलो. खिडकीतून गाळ्याचा दरवाजा दिसतो. माल उतरताना ते वरून "ह्या! ह्या!" ओरडायचे आणि टेम्पोवाले घाबरून गठ्ठे नीट ठेवायचे. जखम कडेने भरायला लागली होती. ड्रेसिंगला येणारी नर्स म्हणाली, बरी व्हायला लागलीय.

मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे दिवाळीपेक्षा नवमी मोठी. वर्षभर ज्याच्या जिवावर खातो त्याची पूजा. त्याच्या आदल्या दिवशी गाळा धुवायचा, मशीनला नवा रंग द्यायचा. हिरवा ऑइलपेंट, दरवर्षी तोच. हे काम बाबा कुणाला करू द्यायचे नाहीत. मास्टर, म्हणजे आमचा मशीन चालवणारा, वीस-बावीस वर्षं आमच्याकडे आहे, त्यालाही नाही. तसा तो दसऱ्याला गावी जातोच. बाबा एकटेच मशीनचे पत्रे सोडवायचे, पत्र्यांच्या कडांना बोटभर रुंदीची चिकटपट्टी लावत बसायचे, मग रंग. पट्टी लावण्यात त्यांचा अर्धा दिवस जायचा. मी शाळेत असताना एकदा म्हटलं होतं, "बाबा, कडेला रंग लागला तर काय मशीन रडणार आहे?" त्यांनी हातातला ब्रश माझ्या नाकाला लावला आणि काम चालू ठेवलं. मला वाटलं, हौस. काही माणसांना रंग कडेबाहेर गेलेला चालत नाही, तसे बाबा.

यंदा रंग मी दिला. कुणी सांगितलं नव्हतं. पण बाबा वर पडलेत आणि मशीन गेल्या वर्षीच्या रंगात पूजेला बसणार, हे मला सहनच होईना. केबिन रोडवरून रंग आणला, झेंडू आणला. सगळे पत्रे सोडवले, घासले, गच्चीत पसरले आणि दोन्ही बाजूंनी रंगवले, कडा, कोपरे, स्क्रूची भोकं, काही सोडलं नाही. चिकटपट्टी? कुणाला वेळ होता! वरच्या भागातून सांगाड्याला जाणारी एक तांब्याची पट्टी होती, काळी पडलेली. तीसुद्धा रंगवली. सगळं परत बसवलं तेव्हा मशीन आत्ताच शोरूममधून आल्यासारखी दिसत होती. माझ्या नखांत हिरवा रंग बसला होता आणि मी स्वतःवर जाम खूश होते.

आयने वर क्रेनलाही हळद-कुंकू लावलं, दांड्याला झेंडूची माळ घातली. "यंत्र हाय ना? मंग," म्हणाली. मी मोबाइलवर मशीनचा फोटो काढून बाबांना दाखवला. त्यांनी फोन डाव्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, खूप वेळ बघितला. मग "ह्या, ह्या, ह्या" सुरू केलं, मान हलवत, फोनच्या काचेवर बोट आपटत. मला वाटलं, आनंद झाला. मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पेढा भरवला. पेढा त्यांनी थुंकला. साखर नको असेल, म्हटलं.

मास्टर पुढच्या मंगळवारी गावाहून आला. त्या सकाळी आम्ही बाबांना उचललं. बिछान्यापासून हातभर वर गेले असतील आणि क्रेन थांबली. बटण दाबलं, काही नाही. खाली करायचं दाबलं, काही नाही. मग मी कशालाही हात लावलेला नसताना दांडा एकदम वर उसळला आणि परत थबकला. बाबा झोळीत हेलकावले. आयने त्यांचे पाय धरून ठेवले, मी रिमोट झटकतेय, वायर ओढतेय, खांबावरचं थांबवायचं लाल बटण फिरवतेय, तोंडाने काय वाट्टेल ते बोलतेय. बाबा डोळे मोठे करून जमिनीकडे बघत होते. थोड्या वेळाने झोळीतून थेंब पडायला लागले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणापुढे लुंगीची गाठ सैल होऊ दिली नाही, तो बायको आणि लेकीसमोर हवेत लटकून लघवी करत होता. मी मान फिरवली. मग आपोआपच क्रेन सुरू झाली, गुरगुरत खाली आली, जसं काही घडलंच नाही.

त्यानंतर झोळी आणली की बाबा डाव्या हाताने बिछान्याचा लोखंडी कठडा पकडायचे. मूठ सुटता सुटेना. मी एकेक बोट उचकटायची, दुसरं परत बसायचं, आणि उचलणं राहून जायचं. "बाबा, सोड! मरायचंय का तुला?" असं मी ओरडले. हो, ओरडले. माझा स्वभाव तापट आहे, त्यांच्याकडूनच आलाय. आय म्हणाली, "त्याचा काय चुकला? तुजा बापूस भ्यालाय." भ्याले असं सगळ्यांनाच वाटलं. दुपारी एक वाजला, मास्टर जेवायला गेला की ते उलट क्रेनकडे हात करायचे, तिच्या खांबावर टकटक करायचे. आय म्हणायची, "बघ, ही नजरेसमोर नको बोलतंय," आणि क्रेन ढकलून पॅसेजमध्ये ठेवायची. मग बाबा तोंड भिंतीकडे करायचे आणि संध्याकाळपर्यंत कुणाकडे बघायचे नाहीत.

आणखी एक सुरू झालं. कठड्याच्या कडेवर ते अंगठ्याचं नख घासायला लागले. खर्र, खर्र. पांढरा रंग खरवडून खालचं लोखंड दिसेपर्यंत. दिवसभर. मी खाली हिशेबाच्या वहीत डोकं घातलेलं असलं तरी तो आवाज माझ्या कानात चालू असायचा. नखाखालून रक्त आलं तेव्हा मी नेलकटर घेऊन बसले आणि त्यांची दाही बोटांची नखं मुळापर्यंत कापली. त्यांनी हात मागे ओढला, मी दाबून धरला. कापून झाल्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी उठून चहा ठेवायला गेले. चहा कुणाला नको होता.

तीन दिवसांत जखम परत ओली झाली. नर्सने कापसाची काडी आत घालून बाहेर काढली आणि किती आत गेली ते मला बोटाने दाखवलं.

मी कंपनीला फोन लावला, भांडले. त्यांचा मेकॅनिक आला शुक्रवारी. शुक्रवारी आमचा गाळा बंद असतो, हे आता मी ठळक करून सांगतेय, त्या वेळी माझ्या ध्यानातही आलं नाही. त्याने क्रेन रिकामी उचलली, मला झोळीत बसवून उचललं, दहादा वर, दहादा खाली. मस्त चालली. "मॅडम, तुम्ही दोन्ही बटणं एकदम दाबत असाल," तो म्हणाला. डोक्यात तिडीक गेली. "मी मशीनवर वाढलेली बाई आहे, बटणं कशी दाबतात मला शिकवू नका!" त्याने दांड्याखालची एक लाल कडी तेवढी दाखवली, ती ओढली की क्रेन बंद पडली तरी माणूस हळूहळू खाली येतो. "ही माहिती विकताना द्यायची असते की नाही?" मी परत चढलेच. त्या दिवशी बाबांनाही उचलून बघितलं. आणि काय सांगू, बाबांनी कठडा पकडला नाही. गपगुमान झोळीत बसले, खुर्चीत गेले, तासभर खिडकीत बसले. मला वाटलं, परका माणूस समोर म्हणून लाजले.

मेकॅनिक गेल्यावर मी क्रेनचं पुस्तक काढलं. शेवटच्या पानांवर मुंग्यांएवढ्या अक्षरांत तक्ते होते, मोबाइल, वायरलेस, रेडिओच्या लहरी सोडणारी उपकरणं क्रेनपासून लांब ठेवा, नाहीतर ती बिघडल्यासारखी वागू शकते. हे वाचलं आणि मी वेडीच झाले. घरातले सगळे मोबाइल स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं. वायफायचा डबा उपटला. इन्व्हर्टर बंद केला. शेजारणीला जाऊन म्हटलं, "भाभी, आपका वायफाय थोडा टाइम बंद करो ना," तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी मी तिची किडनीच मागितली. आय हे सगळं बघत होती. तिचं म्हणणं वेगळंच. क्रेनला माळ घातली पण नारळ नाही फोडला, चूक तिचीच. शनिवारी सकाळी तिने क्रेनसमोर नारळ फोडला, पाणी चाकांवर उडालं, ते मी पुसलं.

मग झोळी आणली. बाबांनी कठडा धरला. आम्ही दोघींनी मिळून बोटं सोडवली, मी एका हाताने, आयने दोन्ही हातांनी, आणि बाबा "ह्या! ह्या!" करत डोकं हलवत होते. मोबाइल डब्यात, वायफाय बंद, नारळ फुटलेला. मी बटण दाबलं. हातभर वर गेले, आणि क्रेन थांबली. मग उसळली. मग थांबली.

मला लाल कडी आठवायला हवी होती. नाही आठवली. मला वाटलं लाइटचा काहीतरी घोळ आहे, गाळ्यातला मेन स्विच पाडते. बॅटरीच्या क्रेनला मेन स्विचचं काय? पण त्या क्षणी अक्कल कुठे जागेवर होती. सोळा पायऱ्या मी चार उड्यांत उतरले आणि पेडलवर पाय ठेवून बसलेल्या मास्टरच्या डोक्यावरून हात घालून मेन पाडला. मशीन गप्प झाली. वरून आयचा आवाज आला, "चालली! चालली गो!"

मी तशीच उभी राहिले. मास्टर म्हणाला, "क्या हुआ दीदी?" मी म्हटलं, "रुको." वर गेले, बाबांना खुर्चीत बसवलं, रिकामी क्रेन खोलीच्या मधोमध उभी केली, खिडकीतून ओरडले, "चालू करो, पेडल मारो!" खाली हूं झालं. क्रेनचा दांडा कुणी न सांगता दचकला. परत हूं, परत दचकला. रेडिओ स्टेशन हाय, फक्त गाणी लागत न्हायत. अगो बाय माझे! हजारदा ऐकलेला विनोद, आणि त्याचा अर्थ मला इतक्या वर्षांनी, क्रेन उड्या मारायला लागल्यावर कळत होता. मशीन लहरी फेकत होती आणि ती रिमोटची पीळदार वायर त्या झेलत होती.

पण पावसाळाभर हीच क्रेन याच मशीनच्या डोक्यावर बिनतक्रार चालली होती. मग आताच काय झालं? मी बाबांसमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "बाबा, मशीनमुळे होतंय. हो ना?" त्यांनी डोळे मिटले. खूप वेळ धरलेलं ओझं खाली ठेवताना माणूस मिटतो, तसे. मग डावा हात पुढे केला आणि खुर्चीच्या हाताच्या कडेवर अंगठा घासायला लागले. नख नव्हतं. नुसता मऊ अंगठा, आवाज न करता, कडेवर मागे-पुढे. मग त्यांनी माझा हात ओढला, माझं बोट धरलं आणि माझ्या नखात अजून बसलेल्या हिरव्या रंगावर टकटक केलं. मग परत कड. परत रंग. परत कड.

ते मला पहिल्या मंगळवारपासून सांगत होते. त्याच्याही आधी, फोटो बघून. पेढा थुंकून. दुपारी मशीन बंद असताना क्रेनवर टकटक करून. मी त्यांना भित्रा ठरवलं होतं, हट्टी ठरवलं होतं, आणि ज्या एका नखाने ते मला सांगत होते ते मी दाबून धरून कापलं होतं.

मी खाली गेले. मास्टरला म्हटलं, पत्रे खोलो. पत्रा निघाला आणि कडेचा हिरवा रंग बघून मास्टरने कपाळावर हात मारला. "दीदी, किनारे पे रंग किसने मारा?" मी म्हटलं, "मैंने." मग त्याने सांगितलं. तो नवीन होता तेव्हाची गोष्ट. एका दसऱ्यानंतर मशीन सुरू झाली की आजूबाजूच्या सगळ्या घरांतल्या टीव्हीवर रेघा यायच्या. ऐन मालिकांच्या वेळेला. बायका गाळ्यावर चालून आल्या होत्या. बाबांनी दोन दिवस डोकं लावलं आणि शेवटी ब्लेड घेऊन प्रत्येक पत्र्याची कड खरवडली, उघडं लोखंड लागेपर्यंत. "सेठ बोले, पतरा पतरे को नंगा छूना चाहिए, बीच में रंग आया तो अंदर का सब बाहर भागेगा." तेव्हापासून ती चिकटपट्टी. हौस नव्हती ती. आणि बाबांनी मला कधी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. मी फक्त चिडवलं होतं.

मी मास्टरला ब्लेडला हात लावू दिला नाही. कडा मी खरवडल्या, सगळ्या पत्र्यांच्या, गाळ्याच्या दारात बसून. तांब्याची पट्टी काढली, चिंच लावून घासली, लालभडक होईपर्यंत. स्क्रूच्या भोकांतला रंग सुईने काढला. दुपार गेली, जेवण गेलं. खर्र, खर्र. आता तो आवाज मी काढत होते आणि वरच्या खिडकीतून बाबा बघत असणार हे मला माहीत होतं. मान वर करायची हिंमत झाली नाही.

पत्रे परत बसवले. वर गेले, रिकामी क्रेन उभी केली, मास्टरने दहा-बारा वेळा पेडल मारलं. दांडा हलला नाही. मी स्वतः झोळीत बसले, आयने बटण दाबलं, खाली मशीन हूं-हूं करत होती आणि मी वर जात होते. ठीक चालली. तरी माझा धीर होईना. बाबांना खुर्चीतून बिछान्यात न्यायची वेळ झाली तेव्हा मी खिडकीतून ओरडले, "मास्टर, मशीन बंद रखो!" आणि झोळी घेऊन वळले.

बाबांनी खुर्चीचा हात घट्ट पकडला.

"आता काय झालं? बंद केलीय ना मशीन!" माझा आवाज चढलाच. त्यांनी मान हलवली. बोट जमिनीकडे केलं. खाली. गाळ्याकडे. आयला कळलं आधी. "चालू कर बोलतंय," ती म्हणाली, "मशीन चालू करून उचल बोलतंय."

"न्हाय," मी म्हटलं. मी सहसा न्हाय म्हणत नाही, शाळेत मार खाऊन सोडलं होतं, पण तेव्हा तेच आलं. "परत लटकलास तर? बाबा, माझ्या मनाला नाही सोसणार." त्यांचं बोट तसंच खाली. दोनदा हवेत लटकलेल्या, माझा ओरडा खाल्लेल्या माणसाला माझ्या कामाची परीक्षा स्वतःच्या अंगावर घ्यायची होती. दुसऱ्या कुणाच्या नाही.

मी खिडकीतून ओरडले, "चालू करो." हूं सुरू झालं. बाबांनी मूठ सोडली, स्वतःहून. झोळी घेतली, पट्टे अडकवले. माझा एक हात रिमोटवर आणि दुसरा त्या लाल कडीवर. बटण दाबलं. दांडा वर गेला. खाली मास्टर एकामागून एक पेडल मारत होता, वर बाबा जात होते, आणि मी देवाचं नाव घेण्याऐवजी मोजत होते, एक हूं, दोन हूं, तीन. सात हूंमध्ये ते बिछान्यावर आले. एकदाही धक्का लागला नाही. आय खाटेच्या पायथ्याशी बसून रडायला लागली. बाबांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ते कान लावून मशीन ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवी आता हसत नाही.

मी म्हटलं, "बाबा, चुकले मी." त्यांनी डावा हात उचलून माझ्या पुढे धरला. मला वाटलं, पाणी हवंय. पाणी दिलं, घेतलं नाही. हात तसाच. पालथा, बोटं पसरलेली, नखं मुळापर्यंत गेलेली, अंगठ्याच्या कडेला सुकलेलं रक्त. काही मागत नव्हते ते, नुसतं दाखवत होते. मी तो हात कपाळाला लावला आणि मला जे रडू आलं ते खाली मास्टरला मशीनच्या आवाजातही ऐकू गेलं असणार.

जखम भरतेय. नर्सची काडी आता आत जात नाही. पुढच्या नवमीसाठी चिकटपट्टी मी आत्ताच आणून ठेवलीय, आणि पट्टी लावताना मशीनशेजारी खुर्चीत कोण बसणार हे ठरलंय. सोळा पायऱ्या कशा उतरवायच्या ते मास्टर आणि मी बघू.

नखं त्यांची वाढतात. मी नेलकटर घेऊन बाजूला बसते आणि थांबते. त्यांनी स्वतः हात पुढे केला तरच कापते. अंगठ्याचं ते ठेवतात.